सातवं लक्षण

उपाध्ये बाईंनी सराव परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा उखळाच्या कडेला आपटला, तेव्हा माझ्या हातातलं मुसळ वरच होतं. ते खाली आलं आणि शेंगदाण्याच्या चटणीची लाल चिमूट उडून बाईंच्या पांढऱ्या साडीवर बसली. बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "सजीवांची लक्षणं किती?"

"सहा," ओसरीवरच्या सगळ्या बायका एका सुरात बोलल्या.

"सात आहेत. पुस्तकात सात आहेत, फळ्यावर मी सात लिहिली होती. आणि वर्गातल्या एकूण एक बाईनं सहा लिहिलीत. तीही एकाच क्रमानं. कॉपी म्हणावी तर तुम्हाला लांब लांब बसवलं होतं." त्यांनी वरचा पेपर उचलला. "हे तर कमालच आहे. सहावं लक्षण, लाजरी. लाजाळूचं झाड हे लक्षण आहे का, तान्हूबाई?"

तान्हूबाई आमच्यात सगळ्यात थोरल्या. नवरा वारलेला, पोरं भावाकडं ठेवून शिकायला आलेल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बोट माझ्याकडं केलं. "बाई, सोजरच्या ओवीत तसंच हाय."

झालं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली.

बार्शीतली ती बायकांची संस्था. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, कुणी दोन वेळच्या अन्नाला महाग झालेल्या अशा आम्ही बायका तिथं राहायचो, चटणी कुटून विकायचो आणि दोन वर्षांत दहावीला बसायचो. शाळा सोडून आमची हयात गेलेली. पाटीवर डोळे ठरत नव्हते. वहीतलं डोक्यात जाईना, पण उखळाशी उभं राहिलं की हात आणि तोंड बरोबर चालायचं. म्हणून मी सगळ्या विज्ञानाच्या ओव्या केल्या. हृदयाचे कप्पे, फुलाचे भाग, पेशीची अंगं, सगळं. एक मुसळ मारत म्हणायची, दुसरी झेलायची, आणि उजळणी होऊन जायची. बाईंना ते ठाऊक होतं. कौतुकही होतं. त्या दिवसापर्यंत.

"म्हणा बघू ती ओवी," बाई म्हणाल्या.

मी मुसळ खाली टेकवलं. पण तान्हूबाईंना कुठला दम निघतोय. त्यांनी मुसळ उचललं आणि सुरू केलं:

"पहिली माझी ओवी, श्वसनाच्या वाऱ्याला
दुसरी माझी ओवी, पोषणाच्या चाऱ्याला
तिसरी माझी ओवी, वाढीच्या रोपाला
चवथी माझी ओवी, हालचालीच्या सापाला
पाचवी माझी ओवी, उत्सर्जनाच्या मोरीला
सहावी माझी ओवी, चेतनेच्या लाजरीला"

"आणि सातवी?"

"सातवी न्हाय, बाई," मी म्हणाले.

"नाही कशी? प्रजनन. एका जीवापासून दुसरा जीव. विसरलात?"

"विसरले न्हाय. घातली न्हाय."

बाई चोवीस-पंचवीसच्या असतील. नव्यानं नोकरीला लागलेल्या, सोलापूरच्या. माझ्यापेक्षा वयानं धाकट्या, पण 'अहोजाहो' सोडून कधी बोलल्या नाहीत. आताही आवाज चढला तरी 'तुम्ही'च म्हणाल्या. "सोजरबाई, उद्या बोर्डाची तोंडी परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. हा प्रश्न ते हमखास विचारतात. तुमच्या एका ओवीपायी सगळ्यांचे गुण जातील. सातवी ओवी करा, आत्ताच्या आत्ता."

"न्हाय करणार."

"का?"

"तुमच्या पुस्तकात लिवलंय, ज्याला ही सात लक्षणं असतील तो सजीव. मग मी कोण, बाई? जातं का पाटा?"

माझी कथा सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतर आठ वर्षं मूल झालं नाही म्हणून सासरी माझ्या हातनं कुणाची ओटी भरू देत नव्हते, पेरणीला बियाणाला हात लावू देत नव्हते. देव झाले, वैदू झाले, मग नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला भावाच्या दारात आणून सोडलं. भावजयीनं चार महिन्यांत रंग दाखवले आणि मी इथं आले. दहावी झाले तर नर्सच्या कोर्सला घेणार होते, राहायला खोली मिळणार होती. नाहीतर परत भावजयीची धुणी. म्हणजे ही परीक्षा माझ्यासाठी नुसती परीक्षा नव्हती, हे बाईंनाही कळत होतं आणि मलाही.

बाईंचा चेहरा लाल झाला. "ते तसं नसतं," त्या म्हणाल्या. "हे बघा, परीक्षेत असले प्रश्न करायचे नसतात. विचारतील ते सांगायचं." पेपर उचलून त्या आत गेल्या.

मी मुसळ घेतलं आणि घाव घालत सुटले. चटणीचं पार तेल सुटायला लागलं.

"आगं, हळू," तान्हूबाई म्हणाल्या. "शब्दच हाय त्यो. म्हणून टाकायचा. 'वांझ' म्हणतेत लोक, ते आपुन ऐकून घेतोच की."

"लोक म्हणतेत ते येगळं. मी का माझ्या तोंडानं म्हणू?"

तो रविवार होता, भेटीचा वार. माझ्याकडं कधी कुणी यायचं नाही, म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम उखळाशीच थांबायची. दुपारी शिपाईण सांगत आली, "सोजर माने, तुमच्याकडं पाव्हणं आलंय." मला वाटलं, तिची काहीतरी गफलत झाली.

फाटकाजवळच्या लिंबाखाली माझी नणंद बसली होती. गयाबाई, मालकांची थोरली बहीण. मला घराबाहेर काढताना माझी ट्रंक हिनंच बैलगाडीत फेकली होती. आता तिच्या कडेवर एक पोर होतं, नऊ-दहा महिन्यांचं. कपाळाला काजळाची ही एवढी तीट.

"ये गं, सोजर," ती म्हणाली, जणू आम्ही कालच बाजारात भेटलो होतो. "बारीक झालीस की."

"वन्सं, काय काम काढलं?"

"काम कशाला लागतंय? आपल्या माणसाला भेटाया येऊ नये व्हय?" आणि मला काही कळायच्या आत तिनं ते पोर माझ्या मांडीवर ठेवलं. "बघ तरी. तुझ्याच वळणावर गेलंय."

माझ्या वळणावर जायला ते काय मी दूध पाजलेलं वासरू होतं? पण पोरानं वर बघितलं आणि माझ्या गळ्यातल्या पोतीला मूठ घातली. घट्ट. सोडेचना.

"रतनचं ना हे?" मी विचारलं. रतन म्हणजे माझी सवत.

"रतनचंच. भगवान नाव ठेवलंय. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. तिच्यानं रानातलंही होईना आन् हेच्यामागं पळणंही होईना. आई म्हणत्यात, सोजरला आणा. तुझ्या नवऱ्याचंबी तेच म्हणणं हाय. भगवान तुझा. तुझं पोर म्हणून वाढीव. तुला आई म्हणंल. रतन राहील तिच्या दुसऱ्यासंगं." ती माझ्याकडं सरकली. "देवानं नाय दिलं, आम्ही देतोय. तोंड धुवून ये आन् ट्रंक घे. चारची यष्टी हाय."

"उद्या माझी परीक्षा हाय."

"परीक्षा पुढल्या साली दे. पोर थांबतंय व्हय?"

सरळ सांगते, मला ते पोर हवं होतं. त्यानं माझी पोत तोंडात घातली, मणी चावले, चव आवडली नाही म्हणून तोंड वाकडं केलं, आणि मग माझं नाक धरलं. माझ्या मांडीवर इतका वेळ कुठलं पोर बसलंच नव्हतं. सासरी शेजारणी त्यांची पोरं माझ्या दारावरनं नेताना पदराखाली झाकायच्या. आणि इथं नणंद स्वतःच्या हातानं देत होती. मी 'हो' म्हणाले नाही, 'नाही'ही म्हणाले नाही. पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "बसा, आले."

खोलीत येऊन ट्रंक ओढली. तीन लुगडी, एक फणी, पुस्तकं. पुस्तकं बाहेर काढली, परत घातली, पुन्हा काढली. पोराला चटईवर बसवलं, तर ते रांगत जाऊन ट्रंकेची कडी वाजवायला लागलं. घडी घातलेलं लुगडं मी परत उलगडत होते आणि परत घडी घालत होते. एका मनाला वाटे, यष्टी चुकेल. दुसऱ्याला वाटे, चुकली तर बरं.

तान्हूबाई दारात आल्या. ट्रंक बघितली, पोर बघितलं. "जातीस?"

"ठाव न्हाय."

"जायाचं तर जा बाई. पोर गोड हाय." त्यांनी डोळे पुसले. स्वतःच्या पोरांना त्या दिवाळीपास्नं भेटल्या नव्हत्या. "पर उद्या कुणाच्या ओळीनं म्हणू आम्ही? बाईंनी सातवी ओवी स्वतःच केलीया. ऐक."

खिडकीबाहेर उखळाचा ठेका चालू होता आणि बाईंच्या देखरेखीखाली उजळणी चालली होती. मोरीला, लाजरीला, इथवर सगळं ठाकठीक, आणि मग "सातवी माझी ओवी, प्रजनन हे सातवं महत्त्वाचं लक्षण आहे" म्हणताना मुसळं एकमेकांवर आपटत होती. तशाही स्थितीत मला हसू आलं. बाईंना फळा साधत होता, ओवी नाही.

"पुन्हा," बाहेरून बाईंचा आवाज आला. "पहिल्यापासून."

पहिली माझी ओवी, श्वसनाच्या वाऱ्याला. पोर कडी वाजवून दमलं होतं, त्याची छाती भराभर खालीवर होत होती. माझी नजर गेली एवढंच. इतके महिने घोकून घोकून सवय लागली होती, कोंबडी दिसली तरी मी तिची लक्षणं मोजायची. दुसरी पोषणाची. त्यानं चटईची काडी मोडून तोंडात घातली होती, ती तान्हूबाईंनी बोट घालून काढली. तिसरी वाढीची. खालचे दोन दात आले होते, वरचे टोचून यायला लागले होते. चवथी हालचालीची. ती तर विचारूच नका. पाचवी म्हणेपर्यंत भगवानानं माझं घडी केलेलं लुगडं भिजवलं. सहावी. मी त्याच्या तळपायाला बोट लावलं, त्यानं पाय आखडला आणि खिदळला.

"सातवी माझी ओवी," बाहेर बायका अडखळल्या, आणि मी पोराकडं बघत राहिले.

"तान्हूबाई," मी म्हणाले. "हे सहावरच हाय की."

"काय?"

"हे पोर. ह्याला सातवं कुठं हाय? ह्याला कुठं पोरं होत्यात?"

तान्हूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "आगं, ते बारकं हाय. त्याला व्हायची हायेत मोठेपणी."

"मोठेपणी झाली तर झाली. पर आज? आज ह्याला कोण मेलेला म्हणतंय का? आख्खं घर ह्याच्यापायी नाचतंय. मला आणाया वन्संला धाडलीया ह्याच्यापायी. आन् हे बेणं सहावर बसलंय." मी हसायला लागले ते थांबेना. डोळ्यातनं पाणी आलं, तरी हसतच होते. माझं बघून पोरही हसलं. तान्हूबाई खुळ्यासारख्या आम्हा दोघांकडं बघत होत्या, मग त्यांनाही फुटलं.

मग मी हसायची थांबले. कारण आता मला नीट दिसत होतं, की मी ट्रंक का भरत होते. पोर हवं होतं ते खरं. पण त्याहून जास्त मला गावातनं ते कडेवर घेऊन चालायचं होतं. ज्यांनी पदराखाली पोरं झाकली त्यांच्या दारावरनं. माझाही जीव मोजा म्हणून. आणि त्यासाठी हे दुसरीचं पोर.

मी त्याला कडेवर घेतलं आणि बाहेर लिंबाखाली आले.

"ट्रंक?" गयाबाई उठली.

"वन्सं, एक विचारते. रतनला विचारलंय का?"

"काय?"

"तिचं पोर मला देताय, ते तिला ठाव हाय का?"

गयाबाईनं हात उडवला. "तिला काय विचारायचं? रडली दोन दिस. रडंल आन् गप बसंल. दुसरं व्हईलच की तिला."

माझ्यासाठीही त्या घरात कुणीतरी असंच म्हणालं असेल. रडेल आणि गप बसेल. रतनला मी एकदाच बघितलं होतं, तिच्या लग्नात, हळदीनं पिवळी झालेली, माझ्याकडं बघायची लाज वाटून मान खाली घातलेली. तिला होतंय म्हणून तिची किंमत, आणि ज्या दिवशी व्हायचं थांबेल त्या दिवशी तिचीही ट्रंक बैलगाडीत. मला त्या बाईचा राग धरायची सवय होती. त्या क्षणी तो कुठं गेला, कोण जाणे.

"न्या ह्याला," मी म्हणाले. "ह्याची आई वाट बघत असंल."

"म्हणजे तू येत न्हाईस?"

"न्हाय."

"आगं, डोकं फिरलंय का तुझं? देव दारात आलाय आन् तू कडी लावतीस? म्हातारपणी तोंडात पाणी कोण घालील तुझ्या?"

"ते तवा बघू, वन्सं. उद्या परीक्षा हाय."

"मर मग इथंच, चटणी कुटत." तिनं पोराला माझ्या हातातनं ओढलं. त्यानं माझी पोत पुन्हा मुठीत धरली होती. दोरा तुटला आणि मणी खाली सांडले. भगवान रडायला लागला, माझ्याकडं हात करून, आणि फाटकाबाहेर गेली तरी त्याचा आवाज येत होता. मी मणी वेचले नाहीत. खाली वाकले असते तर उठवलं नसतं मला. एवढं सोपं नव्हतं ते. बरोबर केलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं.

संध्याकाळपर्यंत मी कुटत राहिले. शेवटी उपाध्ये बाईंनी येऊन माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं. काय घडलं ते त्यांना तान्हूबाईंनी सांगितलं असणार. काहीतरी बोलायला आल्या होत्या, पण "जेवून घ्या" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत परीक्षा. बाहेर व्हरांड्यात आम्ही रांगेनं उभ्या, एकेकीचं नाव पुकारत होते. तान्हूबाई बाहेर आल्या त्या हसतच. "सात सांगितली," म्हणाल्या. "लाजरी न्हाय म्हटली."

माझं नाव आलं. टेबलामागं परीक्षक बसले होते. पन्नाशीचे, बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर कांद्याचा पापुद्रा, जास्वंदीचं उभं चिरलेलं फूल. बाजूला उपाध्ये बाई उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनाच जास्त धास्ती होती.

सरांनी फुलाचे भाग विचारले, मी सांगितले. पेशी विचारली, सांगितली. मग न बघताच म्हणाले, "सजीवांची लक्षणं?"

"श्वसन, पोषण, वाढ, हालचाल, उत्सर्जन, चेतनाक्षमता," मी म्हणाले आणि थांबले. बाईंचं बोट पदरात तसंच राहिलं.

"आणि प्रजनन," मी म्हणाले.

पुढं मी नर्स झाले, सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात गेली, तो शब्द मीठ-मिरचीसारखा रोजचा झाला. पण मोठ्यानं तो मी पहिल्यांदा उच्चारला तो त्या टेबलासमोर. जीभ काही झडली नाही.

"बरोबर," सर म्हणाले आणि गुण लिहायला पेन टेकवलं.

"पर सर, ते सातवं नसलं तरी जीव जिवंतच असतोय. सहा पुरत्यात."

"सोजरबाई," उपाध्ये बाई हळूच म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. चष्मा मागं सारून मला पहिल्यांदा नीट बघितलं. रागावले नव्हते. खरंच विचारत होते. "असं पुस्तकात आहे का?"

"न्हाय, सर."

"मग कशावरून म्हणता?"

"माझ्यावरून," मी म्हणाले.

सरांनी पेन खाली ठेवलं, टेबलाबाजूची खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "बसा."